प्रोकॅल्सिटोनिन ०.०८ आलं, ताप आहे, मग अँटिबायोटिक नको ना?

प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन; पण नुसत्या आकड्यावर असं ठरवू नका. सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागल्याची, शंका असेल तर मुळीच नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. ही तपासणी खरी कामाची आहे ती औषध थांबवताना. पण ते कुणी विचारत नाही.

मी लॅबमध्ये असते. बाबा न्यूमोनियाने आयसीयूत होते. सुरुवातीला प्रोकॅल्सिटोनिन १२, मग ६, मग ३.४, मग २.१. जंतुसंसर्ग आटोक्यात आला की हे साधारण २४ तासांत निम्मं होतं, म्हणजे उतार अगदी हवा तसा. ताप गेला, ऑक्सिजन निघाला. सर्वांत चढ्या आकड्यापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली गेलं, आणि रुग्ण सुधारत असेल, तर अँटिबायोटिक थांबवता येतं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं बंद करू.

दादा अडून बसला. हातात सीआरपीचा कागद, ९० वर लाल खूण. "एवढं वाढलेलं असताना बंद? कोर्स पूर्ण करायचा असतो!" कोर्स किती दिवसांचा, ते मात्र त्याला सांगता येईना. अरे, सीआरपी म्हणजे सुजेची खूण. उशिरा चढतं, रेंगाळत उतरतं. जास्तीच्या डोसांनी जुलाब लागतात, जंतू निर्ढावतात, ते कोण निस्तरणार? डॉक्टर बधले नाहीत, बाबा बरे होऊन घरी आले. दादा अजून म्हणतो, नशीब.

नशीब कसलं! नेदरलँड्समधल्या आयसीयूंतल्या दीड हजारांवर रुग्णांच्या चाचणीत (२०१६) या पद्धतीने अँटिबायोटिक ७ ऐवजी ५ दिवसांवर आलं आणि मृत्यू उलट कमी झाले.

हां, अमेरिकेतल्या २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत श्वसनसंसर्गाच्या रुग्णांचे हे आकडे डॉक्टरांना दाखवूनही औषधाचा वापर घटला नाही, हेही खरं. मोठं ऑपरेशन, भाजणं, किडनी निकामी होणं यांत संसर्ग नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन वाढतं. उलट एका जागी साठलेला पू किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग असूनही ते कमी दिसू शकतं.

तुमचं ०.०८ दिलासा देणारं आहे, पण ताप चढल्या चढल्या रक्त दिलं असेल तर त्याला फार अर्थ नाही; चढायलाच काही तास लागतात. दम लागत असेल, गुंगी येत असेल तर लगेच दवाखाना गाठा. आणि कागदावरच्या लाल खुणा बघून डॉक्टरांशी भांडणारा कुणी घरात असेल, तर त्याला बाहेर बसवा.