दोन सर्व्हर घेऊनही लाइव्ह लेक्चर का बंद पडतं?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या तुमच्या क्लासचं लाइव्ह लेक्चर स्वतःच्या सर्व्हरवरून दाखवायचं आहे, एका वेळी दीड हजार मुलं बघणार, आणि मशीन बंद पडलं तरी लेक्चर थांबायला नको, तर किती सर्व्हर घ्यावेत? मी अशाच एका क्लासचं स्ट्रीमिंग सांभाळतो. सर्व्हर मोजण्याआधी तुमच्या वायरी मोजा, असं मी म्हणेन.

आमच्याकडे दोन सर्व्हर होते, दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर होतं. ऐन परीक्षेच्या आठवड्यात गल्लीत सिमेंट रोडचं खोदकाम निघालं आणि दोन्ही फायबर एका फटक्यात गेले. जाऊन बघितलं तर खड्ड्यात दोन काळ्या केबल एकमेकींना चिकटून तुटलेल्या. कंपन्या दोन, पण नाली एकच. सर्व्हर दोन्ही चालू, हिरवे दिवे लागलेले, आणि गावोगावची मुलं रिकाम्या स्क्रीनसमोर बसलेली. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं.

त्यामुळे सर्व्हर क्लासमध्ये ठेवूच नका. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, एसी बंद पडला की ती खोली भट्टी होते. शिवाय हिशेब करा: ७२० पीला साधारण अडीच एमबीपीएस (सेकंदाला अडीच मेगाबिट) धरले तर दीड हजार मुलांना पावणेचार जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) लागतात. सर्व्हरचा एक जीबीपीएसचा नेटवर्क पोर्ट चारशे मुलांतच भरतो. तेव्हा मुलांपर्यंत व्हिडिओ सीडीएननेच पोचवा, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर प्रती ठेवून व्हिडिओ वाटणाऱ्या सेवेने. तुमचे फक्त दोन ओरिजिन सर्व्हर (सीडीएन जिथून मूळ व्हिडिओ उचलतं ते) हवेत, तेही डेटा सेंटरच्या दोन वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र भागांत.

आता मुख्य मुद्दा. एक सर्व्हर चालू आणि दुसरा वाट बघत बसलेला, अशी रचना लाइव्हसाठी मला पटत नाही. कीपअलाइव्हड (एक मशीन पडलं की त्याचा आयपी पत्ता दुसऱ्याला देणारं सॉफ्टवेअर) लावलं तर नेहमीच्या सेटिंगवर तीन-चार सेकंदांत आयपी दुसऱ्या मशीनवर जातो, हे खरं. पण एन्कोडरचं (कॅमेऱ्याचं चित्र स्ट्रीम करून पाठवणाऱ्या यंत्राचं) चालू कनेक्शन तुटतंच, ते पुन्हा जोडावं लागतं. त्यापेक्षा क्लासमधून दोन एन्कोडर लावा आणि दोन्ही ओरिजिनना एकाच वेळी स्ट्रीम पाठवा, एक फायबरवरून, दुसरा ५जी राउटरवरून. मोबाइलचं नेट डळमळतं, म्हणून तिथे आरटीएमपीऐवजी एसआरटी वापरा (दोन्ही सर्व्हरपर्यंत व्हिडिओ पाठवायच्या पद्धती), हरवलेले पॅकेट ते परत मागवून घेतं. मुलांना व्हिडिओ एचएलएसने दाखवा, त्यात व्हिडिओचे छोटे तुकडे म्हणजे सेगमेंट होतात. एचएलएसच्या मास्टर प्लेलिस्टमध्ये, म्हणजे सगळ्या क्वालिटींच्या यादीत, प्रत्येक क्वालिटीचा पत्ता दोनदा देता येतो. पहिला मिळाला नाही की चांगला प्लेअर आपणहून दुसऱ्याकडे वळतो.

सेगमेंट सहा सेकंदांचे ठेवा. प्लेअर साधारण तीन सेगमेंट मागे राहतो, म्हणजे अठरा सेकंदांची शिल्लक, आणि तेवढ्यात अदलाबदल होऊन जाते. लेक्चर थोडं उशिरा दिसलं तर मुलांचं काही बिघडत नाही. लो लेटन्सीच्या (कमीत कमी उशिराच्या) मागे लागलात तर हीच शिल्लक गमवाल.

हेल्थ चेकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का हे आपोआप तपासताना, पोर्ट (सर्व्हरशी जोडणी होते ते दार) उघडा आहे का एवढंच बघू नका. एकदा आमचा पोर्ट उघडा, सर्व्हर उत्तर देतोय, आणि प्लेलिस्टमध्ये (ताज्या सेगमेंटच्या यादीत) वीस मिनिटांपूर्वीचा सेगमेंट अडकून बसलेला. शेवटचा सेगमेंट किती जुना आहे ते तपासा. सीडीएनवर सेगमेंट कितीही वेळ साठवा, पण प्लेलिस्ट एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नको.

आणि एन्कोडर घरगुती इन्व्हर्टरवर ठेवू नका. लाइट गेली की क्षणभराच्या खंडात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. ऑनलाइन यूपीएस (लाइट गेली तरी क्षणभरही खंड न पडू देणारा) घ्या, कॅमेरा आणि राउटरही त्यावरच.

फायबर घेताना लाइनमनसोबत स्वतः चालत जा आणि केबल कोणत्या रस्त्याने येते ते डोळ्यांनी बघा. मग लेक्चर नसेल अशा रविवारी मुख्य एन्कोडरची वायर उपटा आणि हातात फोन घेऊन बघा. मी पहिल्यांदा उपटली तेव्हा चित्र काही सेकंदांत परत आलं, पण आवाज नव्हता. दुसऱ्या एन्कोडरला माइकची वायर कोणी जोडलीच नव्हती.