औषध बंद झाले, पण धोका सिद्ध कुठे झाला?

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. युरोपला माल पाठवायचा म्हटले की तिकडे बंद असलेल्या फवारणीच्या औषधांची यादी हातात येते. धोका पूर्ण सिद्ध नाही, असे कंपन्या म्हणतात. मग बंदी कोर्टात टिकते कशी? आपल्याला दाद मागता येते का?

उत्तर : लक्झेंबर्गचे कोर्ट, म्हणजे युरोपीय संघाचे न्यायालय, शास्त्रज्ञांपैकी खरा कोण, हे ठरवायला बसत नाही. निर्णय घेणाऱ्याने उपलब्ध अभ्यास नीट तपासला का, कारणे दिली का आणि उघड चूक केली का, एवढेच पाहते. फायझरच्या पशुखाद्यातील प्रतिजैविकाच्या खटल्यात (२००२) तज्ज्ञ समितीचा सल्ला बाजूला ठेवूनही बंदी टिकली. मात्र सल्ला डावलायचा तर तितक्याच तोलाचा वैज्ञानिक आधार हवा, निव्वळ कल्पनेतला धोका चालणार नाही, असे कोर्टाने बजावले.

१७ मे २०१८ चे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. मधमाश्यांना वाचवण्यासाठी इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांवर आलेल्या निर्बंधांविरुद्ध बायर आणि सिंजेंटा या कंपन्या हरल्या. बायरचे अपीलही २०२१ मध्ये फेटाळले गेले. त्याच दिवशी फिप्रोनिल या दुसऱ्या कीटकनाशकाच्या खटल्यात बीएएसएफ कंपनीच्या बाजूने बहुतांश निकाल लागला. कारण? निर्बंध घालणाऱ्या युरोपीय आयोगाने त्यांचे बरेवाईट परिणाम तोललेच नव्हते. म्हणजे शंकेचा फायदा सरकारला मिळतो, आळसाचा नाही.

तुमच्यासाठी कोर्टाचा रस्ता अरुंद आहे. नियम प्रसिद्ध झाल्यावर १४ दिवस सोडून दोन महिने, वर अंतरापोटी १० दिवस, एवढीच मुदत. शिवाय नियमाचा तुमच्यावर थेट परिणाम होतो, हे दाखवावे लागते. बागायतदाराला ते जडच.

त्यापेक्षा अवशेषाची मर्यादा, म्हणजे मालात औषधाचा किती अंश राहिलेला चालतो, ते पाहा. औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे १२ टनांच्या कंटेनरमागे १२० मिलिग्रॅम! हा विषारीपणाचा आकडा नव्हे. प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल, साधारण त्या पातळीवर तो ठेवलेला आहे. म्हणूनच "माझ्या द्राक्षाने कोणी आजारी पडत नाही" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. मर्यादा वाढवून हवी असेल तर आयातीसाठी वेगळी मर्यादा मागता येते. अर्ज सदस्य देशाकडे करायचा, सोबत अवशेष-चाचण्यांची माहिती द्यायची. हे बहुधा औषध कंपनीच करते, म्हणून आपल्या संघामार्फत तिच्यामागे लागा. तोवर लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) पुरेसा समजू नका. तो भारतातल्या मर्यादेवर बेतलेला असतो, युरोपच्या नव्हे.