बाबांची ट्रंक

प्रश्न : बाबांच्या ट्रंकेत पन्नास वर्षांचं क्रिकेट भरलंय. तिकिटं, धावफलक, सह्यांची वही, कात्रणं, सह्या असलेली एक बॅट. बाबा आता ७९ वर्षांचे. मी एक्सेलमध्ये खेळाडूवार यादी करायला घेतली, पण दोन रविवारांत घरभर नुसता पसारा झाला. कुठे चुकतंय?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, खेळाडूवार लावायला घेतलंत तिथेच घोडं अडलं. एकाच पानावर गावसकर आणि विश्वनाथ दोघांच्या सह्या असतील, तर ते पान कुणाच्या गठ्ठ्यात टाकणार? मी तीस वर्षं ग्रंथालयात दाखल नोंदवही लिहिली. पुस्तक कवितेचं की गणिताचं ते मागाहून. हातात आलं की पुढचा आकडा. तुम्हीही ट्रंकेतून वर येईल त्याला १, त्याखालच्याला २ द्या. एखादी वस्तू हरवली किंवा कुणाला दिली, तरी तिचा आकडा दुसरीला नाही. सह्यांच्या वहीला एकच क्रमांक, समजा १४, मग तिच्या पानांना १४/१, १४/२. खेळाडूवार यादी मग एक्सेल चुटकीसरशी काढून देतं.

रकाने मोजकेच ठेवा : क्रमांक, वस्तू, खेळाडू, तारीख, अवस्था, ठेवल्याची जागा, पुढून-मागून फोटो. आणि सगळ्यांत रुंद रकाना ‘कशी मिळाली’. बाकीचं तुम्ही कधीही भराल, हा मात्र बाबाच भरू शकतात. समजा, जानेवारी १९७५ चं वानखेडेचं तिकीट निघालं. तिथली ती पहिलीच कसोटी, वेस्ट इंडिजचा कर्णधार लॉइड नाबाद २४२, हे कुठेही सापडेल. पण लॉइडचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या पोराला पोलिसांनी बदडलं आणि प्रेक्षक खवळले, तेव्हा बाबा कुठे बसले होते? तिकीट कुणी मिळवून दिलं? घरी कसे परतले? त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘आठवत नाही’ म्हणाले तर तेच लिहा, आपल्या मनाने भर घालू नका. सही बाबांनी समोर उभं राहून घेतली की मित्राने आणून दिली, तेही इथेच यायला हवं. बॅटवरच्या सह्या मात्र आधी भिंगातून बघा. अनेक बॅटींवर त्या छापलेल्याच येतात.

क्रमांक तिकिटामागे कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन पलीकडे उमटतं, सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. बॅटीला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

लॅमिनेशनच्या वाटेला जाऊ नका. लेकाचं अलीकडच्या एका सामन्याचं तिकीट मी हौसेने कोपऱ्यावरच्या दुकानात दिलं. थर्मल कागद तो, उष्णतेने काळा पडणारा. यंत्राच्या गरम रुळांतून तव्यासारखा काळा होऊन बाहेर आला. लेक अजून ऐकवतो. असली तिकिटं नुसती ठेवूनही पुसट होतात, त्यांचे फोटो पहिल्या दिवशीच काढा.

कात्रणं तिकिटांना चिकटून ठेवू नका. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं.

आणि बॅट बाहेर निघाली की बाबा तिला चोळायला जवसाचं तेल मागतील. देऊ नका, सह्यांची शाई पसरेल.