ऑफसाइड नसता तर तुम्ही कुठं उभे राहिला असता?

लग्न होऊन, बदलीवर किंवा नोकरीसाठी गोव्यात आलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती झोप लागत नाही, चिडचिड होते, करमत नाही अशी कारणं घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र खाली मान घालून एक वाक्य येतं, "मॅडम, हसू नका, पण मला ते फुटबॉलचं काही कळत नाही." वेर्ण्याच्या कारखान्यातलं कँटीन असो, सोमवारची सकाळची बँक असो की मुलाच्या सरावाला मैदानाबाहेर जमलेले पालक, बोलणं तिकडेच वळतं. मग हा नवा माणूस इतरांचे चेहरे बघून कधी हसायचं ते ठरवतो. विश्वचषकाच्या वर्षी अशी गिऱ्हाईकं वाढतात. (गिऱ्हाईक म्हटलेलं माझ्या सहकाऱ्यांना आवडत नाही, पण मला आवडतं.)

यांच्यापैकी एकीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

स्वाती सांगलीकडची, लग्न करून मडगावात आली. नोकरी चांगली, नवरा समजूतदार. घर मात्र पक्कं फुटबॉलवालं. सासरे तरुणपणी भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतांत भरणाऱ्या गावागावांतल्या सामन्यांत खेळलेले. गोव्याने 1983-84 चा राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला, त्या संघाची नावं आजही त्यांच्या तोंडपाठ. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांचा विषय निघाला की जेवण गार होतं.

"सगळ्यांना कळतं. मलाच कळत नाही," ती म्हणाली.

"सगळ्यांना म्हणजे?"

"सासरे, हे, दीर. आणि पुतण्या. आठ वर्षांचा आहे तो." पुतण्याशी आल्यावर आवाज बदलला.

तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. फोनवरून शब्द उतरवून पाठ केले होते. क्लीन शीट म्हणजे एकही गोल न खाता संपवलेला सामना. ब्रेस म्हणजे एकाच खेळाडूचे दोन गोल. नटमेग म्हणजे समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढणं. एका शनिवारी रात्री टीव्हीसमोर धीर करून ती ओरडली, "ऑफसाइड!" पुतण्या लोळून हसला. "काकी, थ्रो-इनला ऑफसाइड नसतो!" (थ्रो-इन म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणं.) त्यानंतर सामना सुरू झाला की तिला स्वयंपाकघरात काम निघू लागलं.

"तो हसला, यावरून तुम्ही काय ठरवलंत?" मी विचारलं.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "की मी या घरातली नाही."

बघा, एका थ्रो-इनवरून माणूस कुठे जाऊन पोचतो. माझं काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर उभं आहे. प्रसंगापेक्षा, प्रसंगाबद्दल आपण स्वतःला जे सांगतो ते जास्त छळतं, असं ते मानत. लाज मोडायला ते लोकांना न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावत. मडगावच्या सुनेला कदंब बसमध्ये ओरडायला लावण्याइतकी मी धीट नाही. मी वेगळी वाट धरली.

बोलता बोलता कळलं की शाळेत ती कबड्डी खेळायची, कोपऱ्यात. मी म्हटलं, "मला कबड्डीतलं काही कळत नाही. तो बोनस काय असतो?"

स्वाती खुर्चीत पुढे सरकली. माझ्या टेबलावरचा पेनस्टँड, डायरी, चष्म्याचं घर असं मांडून तिने अंगण तयार केलं. "ही मधली रेषा, ही निदान रेषा. चढाईला आलेलीनं कुणाला शिवलं नाही तर ही ओलांडायलाच पाहिजे, नाहीतर बाद. ही मागची बोनस रेषा. एक पाय पलीकडे टेकवला आणि दुसरा हवेत असला की एक गुण. पण समोर निदान सहा गडी पाहिजेत."

"सहाच का?"

"अहो, समोर तीनच असले तर मागं रान मोकळंच की! कुणीही जाऊन फुकट गुण घेईल."

तिला हा नियम कुणी व्याख्या करून शिकवला नव्हता. फुकट गुण घेणारी लबाडी तिला ठाऊक होती, म्हणून ती लबाडी रोखणारा नियमही ठाऊक होता. आणि दुसरी गोष्ट. मी विचारलं, "आत्ता मी अडाण्यासारखा प्रश्न केला. तुम्हाला माझी कीव आली?"

"कीव? छे हो. किती वर्षांनी कुणीतरी विचारलं!"

हे तिच्या तोंडून निघालं आणि तीच थांबली. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही आमच्या धंद्यातली खरी कमाई, आणि ती मला बऱ्यापैकी साधली आहे असं मी मानते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हणजे बाबांना विचारलं तर…"

मी तिला एकच काम दिलं. ऑफसाइड म्हणजे काय, असं विचारायचं नाही. विचारायचं, "बाबा, ऑफसाइडचा नियम नसता तर तुम्ही कुठं उभे राहिला असता?"

पुढच्या भेटीत ती दार लोटतानाच हसत होती. सासरे आधी दचकले, मग खुशीत आले. "कुठं म्हणजे? गोलकीपरच्या नाकासमोर! दिवसभर! बस गो, सांगतो." मग जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या गेल्या. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या भागात असाल, चेंडूच्याही पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तर ती जागा ऑफसाइडची. बरोबरीत असाल तर चालतं. नुसतं तिथे उभं राहणं गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेतला तर शिट्टी वाजते. थ्रो-इन, गोल किक (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी) आणि कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेली) यांवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम नाही. "आणि पुतण्या शेजारी बसून ऐकत होता," स्वाती म्हणाली. "बरोबरीत चालतं हे त्यालाही माहीत नव्हतं."

तेव्हापासून मी अनेकांना हेच सांगते. शब्दांच्या याद्या पाठ करू नका. प्रत्येक नियमामागे कुणाची तरी चलाखी असते, ती शोधा. पुढे असलेले संघ चेंडू मागे गोलरक्षकाकडे देत, तो हातात घेई आणि वेळ काढी. म्हणून 1992 पासून आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. जखमा, खेळाडूंची अदलाबदल आणि रेंगाळणं यांत गेलेला वेळ भरून काढायला प्रत्येक अर्ध्या डावाच्या शेवटी वाढीव वेळ मिळतो. बाद फेरीत बरोबरी सुटली नाही तर पंधरा-पंधरा मिनिटांचे जे दोन डाव खेळवतात ते वेगळे. हे दोन्ही नवखे हमखास एक समजतात, तेव्हा एवढं मात्र घोकून ठेवा.

कधी विचारता यालाही महत्त्व आहे. चेंडू गोलजवळ असताना विचाराल तर देवमाणूसही खेकसेल. मध्यंतरात विचारा, किंवा सामना संपल्यावर. आणि व्याख्या मागण्यापेक्षा डोळ्यांनी दिसलं ते विचारा, "मघाशी त्याने गोल केला तरी पंचांनी का दिला नाही?" घरात लहान मूल असेल तर त्याला गुरू करा. मुलं हसतात खरी, पण मोठ्यांइतकं लक्षात ठेवत नाहीत. कळल्यासारखी मान मात्र कधी डोलावू नका. एकदा डोलावली की पुढच्या वेळी विचारणं दुप्पट अवघड होतं, आणि झोप उडते ती शब्दापायी नाही, त्या खोट्या मानेपायी.

राहता राहिली ज्यांना खेळाची आवडच नाही अशी मंडळी. त्यांच्यावर मी हे काही लादत नाही. बदलीवर आलेल्या एका बँक अधिकाऱ्याला मी फक्त एक वाक्य आरशासमोर म्हणायला लावलं, "मला यातलं कळत नाही आणि फारशी गोडीही नाही, पण तुमचं चालू दे." पहिल्या वेळी ते वाक्य त्यांच्या घशात अडकलं. सोमवारी बँकेत म्हणून टाकलं, तर शेजारचा कॅशियर म्हणाला, "साहेब, मलापण नाही हो. मी नुसता यांच्यात बसतो."