त्याच्यावाचून अडलं पाहिजे

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो. ‘सर, त्या चौघांसाठी रविवारी सकाळी वेगळी बॅच केली तर सगळ्यांचीच सोय होईल ना?’ सगळ्यांची म्हणजे कुणाची, ते तुलाही माहीत आहे. बाकीच्या पोरांच्या आईवडिलांची, मंडळाच्या कार्यकर्त्यांची आणि थोडी तुझी. तू थकली आहेस, ते अक्षरातच दिसतंय. मैदानावर तीस पोरं, त्यात एकाला ऐकू येत नाही, एक चाकाच्या खुर्चीत, दोघांना सांगितलेलं उशिरा कळतं. वर परवाची मॅच कुणामुळं हरलो याची कट्ट्यावर चर्चा. फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या या कोल्हापुरात हरणं किती लागतं, ते मला नको सांगूस. तरी ती बॅच करू नकोस.

तुला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. पोराला मैदानावर आणलंस की त्याला असं काम दे, की तो आला नाही तर अडलं पाहिजे. टाळ्या, हार, शाल-नारळ यातलं काहीही चालणार नाही. अडलं पाहिजे.

हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. १९९७ सालची गोष्ट. माझ्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता, दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. मी त्याला रोज मैदानावर आणायचो, झाडाखाली खुर्ची द्यायचो, बक्षीस समारंभात व्यासपीठावर बसवायचो. पालक कौतुक करायचे आणि माझी छाती फुगायची. एके दिवशी तो यायचा थांबला. ते माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. पोरी, तीन आठवडे! घरी गेलो तर तो शांतपणे म्हणाला, ‘सर, मी नव्हतो तर काय अडलं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो परत आला नाही. ती रिकामी खुर्ची अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढच्या वर्षी आलेल्या मुलाचा डावा हात आणि पाय आखडलेला होता. त्याच्याकडं मी फक्कीचा डबा आणि चेंडूंच्या पेटीची किल्ली दिली. मैदान आखल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही आणि आखणार तोच. रेष वाकडी यायची. सहकारी म्हणाले, दुसऱ्याकडून आखून घ्या. मी ऐकलं नाही. वाकड्या रेषेत खेळलो. एकदा त्याला ताप आला, तर अख्खा संघ किल्ली आणायला त्याच्या दारात उभा राहिला आणि तासभर तिथंच गप्पा मारत बसला. त्याची आई मला नंतर म्हणाली, याच्यासाठी घरी कुणी यायची ही पहिलीच वेळ. आज तो मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब सांभाळतो. तो सुटीवर असला की मालकाचं अडतं. मला आणखी काय पाहिजे?

अंधांचा फुटबॉल बघितलास का कधी? चेंडूत खुळखुळा असतो. गोलकीपर डोळस, गोलमागं उभा राहून दिशा सांगणाराही डोळस. चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी आवाज करायचा नाही, नाहीतर खेळाडूंना चेंडू ऐकू येत नाही. २००४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. आपल्या पोरांना एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून तसं खेळव. शिट्ट्या आणि ढोल-ताशात वाढलेल्या आपल्या पेठेतल्या पोरांना गप्प बसवून बघ, म्हणजे कुणाचं कुणावाचून अडतं ते त्यांचं त्यांनाच कळेल. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी शिट्टीबरोबर झेंडा दाखव. कर्णबधिरांच्या सामन्यात पंच झेंडाच वापरतात. आठ दिवसांत बाकीचेही झेंड्याकडं बघायला लागतील.

वेगळी जागा मुळीच नको, असं मी म्हणत नाही. फिजिओथेरपीला लागते, सांकेतिक भाषा शिकायला लागते, राहायला लागते. आपल्या गावात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, तीही स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून. तिथं खुर्चीतली बाई पाहुणी म्हणून बसवलेली नव्हती, गाडा ओढणारी होती. फरक कळतोय ना? उपचाराला वेगळी खोली असू दे. मैत्रीला वेगळा वार कशाला?

आणि तू कोल्हापूरची आहेस. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेवढं सगळ्यांच्या तोंडी असतं. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायला लावली, हे फार कुणी बोलत नाही. वेगळ्या शाळेत ‘सोय’ नव्हती का? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, खेळात आणि सांस्कृतिक जीवनात वाटा दिला. पण कायदा काही त्या पोराकडं किल्ली देणार नाही. ती तुलाच द्यायची आहे.

माझ्या हट्टापायी एक देणगीदार गेला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्याला पोरांना रांगेत बसवून चाकाच्या खुर्च्या वाटतानाचे फोटो हवे होते. मी नाही म्हणालो. दोन हंगाम फाटके चेंडू पुन्हा शिवून काढले. मंडळातले काही जण अजून बोलतात, सरांनी अहंकार केला. केला असेल. पण त्या रांगेत माझा झाडाखालचा मुलगा बसलेला मला दिसत होता. आजही तसंच करेन.

आता कामाचं. तालमीची पायरी दीड फूट उंच आहे. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, म्हणजे अठरा फूट. पायरीला लावलेली ती छोटी फळी काढून टाक, खुर्ची उलटेल. येण्याजाण्याच्या रिक्षाचे पैसे मंडळाच्या खर्चात धर, पालकांवर टाकू नकोस. निम्मी पोरं रिक्षाभाड्यामुळं सुटतात. ज्या दोघांना उशिरा कळतं, त्यांच्याशी एका वेळी एकच गोष्ट बोल, करून दाखव आणि थांब. तुला थांबता येत नाही, ही तुझी खोड मी पहिल्यापासून बघतोय. खुर्चीतल्या पोराला गुणलेखक कर, आणि त्यानं लिहिलेला निकाल अंतिम, हे सगळ्यांसमोर सांग. त्यानं चूक केली तर बाकीच्यांसारखंच त्यालाही रागव.

रविवारच्या बॅचचा फलक छापायला दिला असशील तर आजच जाऊन थांबव. बुधवारी संध्याकाळी मी मैदानावर येतो. फक्कीचा डबा कुणाकडं दिलास, तेवढं मला बघायचं आहे.

तुझे,
सर