कॅथलिक नर्सिंग कॉलेजात हिंदू मुलीला पाठवावं का?

तुम्ही विचारलंय की मुलीला मुंबईतल्या एका कॅथलिक संस्थेत बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतोय, आपण हिंदू आहोत, तर तिला तिथे अवघड जाईल का आणि शिक्षण वेगळं असतं का. मीही हिंदू घरातली. अशाच कॉलेजात शिकले आणि आता सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. माझं मत विचाराल तर जरूर पाठवा.

अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आणि परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, त्यामुळे धर्माचा पेपर वगैरे काही नसतो. आमच्याकडे सकाळी ड्यूटीआधी छोटी प्रार्थना व्हायची, तेवढा वेळ आम्ही शांत उभ्या राहायचो. चर्चला चल असं मला कुणी कधी म्हटलं नाही.

फरक जाणवतो तो वॉर्डात. पहिल्या वर्षी स्पंज बाथ शिकवणाऱ्या आमच्या ट्यूटर नन होत्या. पाण्याला हात लावण्याआधी पडदा ओढलाय का, पंखा बंद केलाय का, हे त्या बघायच्या. एक हात पुसायचा असेल तर तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीखाली. पेशंट बेशुद्ध असला तरी "आजी, आता पाठ पुसते हं" असं मोठ्याने सांगायचं. नाही सांगितलं तर पहिल्यापासून पुन्हा. पुस्तकात हे सगळीकडेच लिहिलेलं असतं, पण तिथे ते अंगवळणी पडेपर्यंत कुणी पाठ सोडत नाही.

या कामाबद्दलची नन्सची तळमळ जुनी आहे. एकेकाळी नन्सना डॉक्टरकी करायला चर्चचीच आडकाठी होती. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1920 मध्ये आंध्रातल्या गुंटूरला आल्या, तेव्हा नन होऊन वैद्यकी करण्यासाठी त्यांना पोपची खास परवानगी लागली होती. ही बंदी उठली 1936 मध्ये. गुंटूरला त्यांनी तिथल्याच बायकांना सुईणीचं आणि नर्सिंगचं शिक्षण दिलं. 1943 मध्ये कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना उभी केली. कॅथलिक मेडिकल कॉलेज व्हावं ही त्यांची इच्छा होती. ते बंगळुरूला सेंट जॉन्सच्या रूपाने 1963 मध्ये झालं, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. पहिली बॉण्डची, म्हणजे शिकून झाल्यावर ठरावीक काळ नोकरी करण्याच्या लेखी हमीची. सेंट जॉन्सच्या एमबीबीएसची ग्रामीण सेवेची अट प्रसिद्धच आहे. नर्सिंगला प्रत्येक संस्थेचा नियम निराळा असतो. किती वर्षं, कुठे, पगार किती, मध्येच सोडलं तर किती भरायचे, हे लेखी मागा.

दुसरी गोष्ट कुटुंबनियोजनाची. कॅथलिक रुग्णालयांत गर्भपात आणि नसबंदी करत नाहीत. थिअरीत हे सगळं येतं, पेपरात प्रश्नही येतात, पण प्रत्यक्ष बघायला मिळत नाही. तांबी बसवताना मदत कशी करायची हे मी नोकरीला लागल्यावर शिकले, आणि सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं. कम्युनिटीचं, म्हणजे गाव-वस्तीतल्या आरोग्यसेवेचं, पोस्टिंग सरकारी आरोग्य केंद्रात असेल तर ही कसर तिथे भरून निघते. तेव्हा पोस्टिंग कुठे असतं ते कॉलेजला आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही विचारा.