कार्यशाळेतलं पहिलं सत्र

शाळेच्या कार्यशाळेत शिकवायला नवीन आहात, म्हणून आधी एवढंच सांगतो: पहिल्याच सत्रात मोठा प्रकल्प घेऊ नका. मुलांना अगोदर नीट खूण करायला शिकवा. पेन्सिलीची जाड रेघ, तिच्यावर कशीही चालवलेली करवत, मग खोक्याचे कोपरे जुळत नाहीत आणि दोष मात्र लाकडाला! गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून बारीक रेघ मारायची, करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची. करवत स्वतः साधारण 1 मिलिमीटर किंवा थोडं जास्तच लाकूड खाते. हे नुसतं सांगून पटत नाही. एका पट्टीचे पाच-सहा तुकडे करायला लावा, ते जोडून पुन्हा मोजायला लावा आणि कमी भरलेली लांबी कुठे गेली ते विचारा.

लेझर कटर असेल तर त्यात पीव्हीसी कधीच घालू नका. तापल्यावर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. ओळख न पटलेलं प्लास्टिकही नकोच. एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची) धूळ झाडूने उडवू नका, ती श्वासात जाते.

आता डिझाइनची वही. वस्तू तयार झाल्यावर मुलं मागाहून सुबक आराखडे रंगवून चिकटवतात (आणि आपणही खूश होतो). त्याला गुण देऊ नका. पुठ्ठ्याचं वाकडंतिकडं मॉडेल आणि शेजारी ‘झाकण अडकलं, बिजागरी मागे सरकवली’ एवढीच नोंद असेल, तर तिथे गुण देताना हात सैल सोडा.

आवरायला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. हत्यारं मोजून घेतल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, घंटा झाली तरी.